शितोळेबाईंच्या पेटीतल्या आया

शाळेची स्मरणिका निघते आहे. मुख्याध्यापकांचा फोन आला, "मॅडम, शितोळेबाईंवर तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?" खरं आहे ते. कारेगावच्या शाळेत मी मराठी शिकवायचे, त्या चित्रकला शिकवायच्या, आणि स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी. पण स्मरणिकेत जे लिहितात, म्हणजे विद्यार्थीप्रिय, हसतमुख, कलेला वाहून घेतलेलं व्यक्तिमत्त्व वगैरे, ते लिहायला घेतलं की माझा हात अडतो. बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या बाईची उणीदुणी काढण्यात मला आनंद नाही, पण घडलेलं गाळून लिहिणं मला जमणार नाही. मुख्याध्यापकांना मी दुसरं काहीतरी देईन; हे छापायचं नाही.

बाई मूळच्या यवतच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, ढांगा टाकत चालणाऱ्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असायची, आणि तीच पेन्सिल शोधत त्या अख्खी स्टाफरूम पालथी घालायच्या. आम्ही कुणी सांगायचो नाही, गंमत बघायचो. शार्पनर त्यांना चालत नसे. दाढीचं अर्धं पातं कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलेलं असे, त्यानं तासून तासून शिसं बोटाच्या पेराएवढं उघडं करत. चहा बशीतच ओतून घेत. पुण्यात राहून चित्रकलेचा डिप्लोमा केलेल्या, पण बोलणं यवतच्या बाजारातलं. "तिथं चित्र शिकाया गेलते, बोलाया न्हाई," असं त्यांचं उत्तर ठरलेलं.

त्यांचं बघणं मात्र अवघड होतं. एकदा नजर लागली की समोरच्याला चुळबुळ सुटायची, तरी त्या नजर काढायच्या नाहीत. माझ्या घरच्या हळदीकुंकवाला माझी जाऊ तिळगुळाचं ताट घेऊन आली. मागून तिच्या पोरानं पदर ओढून धरलेला, ती एका हातानं ताट सावरते आहे आणि दुसऱ्या हातानं पोराला ढकलते आहे. बाई म्हणाल्या, "थांबा, हलू नका." माझी जाऊ भोळी, ती थांबली. बाईंनी माझ्याच रद्दीतला कागद ओढून चित्र काढायला सुरुवात केली. बाकीच्या बायका तिळगुळाची वाट बघत बसल्या, आणि चित्र झालं तेव्हा चहा पार निवला होता. जावेला चित्र दाखवलंसुद्धा नाही, घडी घालून पर्समध्ये टाकलं. तेव्हा मी त्यावर खूप हसले होते.

बाईंच्या डोक्यात आया शिरल्या त्या एका डॅनिश पुस्तकामुळे. रांजणगावच्या एका परदेशी कारखान्यात डेन्मार्कचा इंजिनिअर आला होता. त्याच्या बायकोचं नाव मारेन. इथं तिला करमेना, म्हणून ती आमच्या शाळेत मुलांना इंग्रजी गाणी शिकवायला यायची. बाईंची आणि तिची गट्टी जमली. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, मधे मी. मारेन परत जाताना तिनं बाईंना एक जाडजूड पुस्तक दिलं. आत सगळी रेखाटनं, तिच्या देशातली, एकोणिसाव्या शतकातली. काही पेन्सिलीची, काही शाईची, काहींवर पातळ करडा रंग फिरवलेला. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. खिडकीपाशी शिवत बसलेली बाई आणि तिच्या पायाशी पोर. पाळण्यावर वाकलेली बाई. अंगावर पाजणारी. आजारी मुलाच्या उशाशी बसून पेंगणारी.

मारेननं सांगितलं आणि मी बाईंना मराठीतून सांगितलं, की तेव्हा तो देश लढाईत हरून कंगाल झालेला होता. चित्रकार आपापल्या घरात बसत आणि समोर जे दिसेल ते काढत. समोर बहुतेक बायको असे, नाहीतर बहीण. ही चित्रं विकायची नसत, घरातल्या ड्रॉवरमध्ये पडून राहत. मी विचारलं, मग ती पुस्तकात कशी आली? मारेन खांदे उडवून हसली आणि म्हणाली, पुढच्या पिढ्यांनी देऊन टाकली असतील. हे मी बाईंना सांगितलं की नाही, आठवत नाही. त्या तोवर पानात शिरल्या होत्या.

ते पुस्तक त्यांनी किती वेळा चाळलं याला सुमार नाही. खालचं डॅनिश त्यांना वाचता येत नव्हतं आणि त्याची त्यांना गरजही नव्हती. मधल्या सुट्टीत मला बोलवायच्या. "पवारबाई, हिकडं या. हिचा डावा हात बघा. कुठं हाय?" मी शोधायचे. तो पोराच्या पाठीखाली असायचा. "आन् उजवा? शिवणात. म्हंजी मोकळा हात हिला न्हाईच. पुस्तकभर बघा, एकीचाबी हात मोकळा न्हाई." काही चित्रं अर्धवट होती. डोकं पूर्ण, खांदा पूर्ण, खाली नुसत्या दोन रेघा. मला वाटायचं कागद फाटला असेल. बाईंचं मत वेगळं होतं. "पोरगं उठलं असंल. पोरगं उठलं की चित्र संपलं." आणि पुष्कळ चित्रांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कुणाचं तरी नाव आणि दिवस लिहिलेला होता. ते बाईंना फार आवडे. हे कुणीतरी खरं माणूस होतं, मनानं काढलेलं नाही, याची ती खूण आहे, असं त्या म्हणत. तेव्हापासून त्याही आपल्या चित्राच्या कोपऱ्यात नाव घालायला लागल्या.

मग एकदा आठवीच्या वर्गाला त्यांनी आई काढून आणायला सांगितली. मुलांनी चित्रं आणली. प्रत्येकाच्या चित्रात नऊवारीतली बाई, कपाळाला मोठं कुंकू, डोक्यावर हंडा, मागे डोंगर. बाईंनी एकाला उभं केलं. "तुझी आई काय करती रं?" तो म्हणाला, "कंपनीत पॅकिंगला हाय." "नऊवारी नेसून जाती?" "न्हाई, ड्रेस घालती." "घरात पाणी कुठनं येतं?" "नळाला." "मंग ही कोणाची आई आणलीस?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. प्रत्येक चित्राखाली त्यांनी लाल पेन्सिलीनं 'ही कोण?' एवढंच लिहिलं आणि वह्या परत दिल्या. फळ्यावर लिहून ठेवलं, 'आधी ओझं काढा, मग आई.' पुढच्या आठवड्यात एका मुलीनं शिफ्टहून आलेली आई काढली, भिंतीला टेकून बसलेली, पायातले बूट अजून तसेच. चित्र काही बरं नव्हतं, पण बूट फार खरे होते. बाई ते घेऊन सबंध शाळेत मिरवल्या.

हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे. ही बाई काही ढोंगी नव्हती. तिनं आम्हाला बघायला शिकवलं आणि मी ते नाकारणार नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

त्यांना कारेगावातल्या आया काढायच्या होत्या, घरात जाऊन. परक्या बाईला अंगावर पाजणाऱ्या बायका समोर कशा बसवून घेतील? कारेगावात माझं सासर. मी बरोबर गेले म्हणून दारं उघडली. रविवारी आम्ही दोघी निघायचो, खोल्या करून राहिलेल्या बायकांकडेही जायचो आणि गावातल्या घरांतही. पहिल्याच घरी तिथल्या सासूबाईंनी हरकत काढली. झोपलेल्या लेकराचं रूप असं उचलायचं नसतं, दृष्ट लागते, असं त्यांचं म्हणणं. आणि चित्र भिंतीला टांगलं, चार पुरुषांनी बघितलं, तर काय? बाई तिथं मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, चित्र माझ्या पेटीत राहील. पेटीतनं भाईर जायाचं न्हाई. शपथ घालता तर घाला." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, मी मधे आहे. त्यावर त्या तयार झाल्या, पण कागदावरच्या पोरालाही तीट लावायची, या बोलीवर. सुनेनं काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि चित्रातल्या बाळाच्या गालावर टेकवलं. मग तो रिवाजच पडला. बाईंनी चित्र पुरं केलं की ज्या त्या आईनं आपल्या बोटानं तीट लावायची. पेटीतल्या प्रत्येक चित्रावर असा एक काळा ठिपका होता, आणि नीट बघितलं तर त्यात बोटाच्या रेषाही दिसत.

मंगल आमच्याच गल्लीतली. नवरा कंत्राटावर कामाला, सासरचे लोक मूळचे मेंढरंवाले, आता शेती करणारे. थोरला दीर दौंडला रेल्वेत. दीर-जावेला मूल नव्हतं. मंगलला पहिला मुलगा होता, दुसरी मुलगी झाली, अश्विनी. घरात बोलणी झाली आणि ठरलं की मुलगी जावेच्या ओटीत घालायची. मंगलला कुणी विचारलं का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "इचारलं की. न्हाई म्हणायचं नव्हतं एवढंच." जाऊ सुनंदा वाईट बाई नव्हती, पण घाबरलेली होती. तिनं दोन गोष्टी मागितल्या. पोरीला कधी कळू द्यायचं नाही, आणि मंगलपाशी पोरीचा एकही फोटो ठेवायचा नाही. मंगलच्या नवऱ्यानं भावजयीसमोर मोबाईल धरून एकेक फोटो पुसला. त्याबदल्यात मंगल काकू म्हणून दौंडच्या घरी येऊ-जाऊ शकणार होती. दिवाळीला, जत्रेला, पोरीच्या वाढदिवसाला. पोरीच्या बाबतीत मंगलपाशी तेवढीच एक गोष्ट उरली होती, की ती त्या घरात काकू म्हणून जाऊ शकते.

मुलगी जायच्या आदल्या रविवारी मंगल स्वतः बाईंकडे आली. "बाई, एकदा काढा आमाला. फोटु न्हाई राहिला. तुमच्यापाशी राहू द्या." बाईंनी तिला तिच्याच घराच्या उंबऱ्यावर बसवलं. मी आत होते. मंगल पोरीला पाजत होती, पदराखालून पोरीचा फक्त गाल आणि मूठ दिसत होती, मंगलचं तोंड अर्धं बाहेर वळलेलं. बाईंचा हात एवढा भरभर चाललेला मी कधी बघितला नव्हता. पोर झोपलं, मग उठलं, तरी चित्र थांबलं नाही. झाल्यावर बाईंनी कोपऱ्यात लिहिलं, 'मंगल आणि लेक अश्विनी, कारेगाव.' मंगलनं काजळ घेतलं आणि गालावर बोट टेकवलं. मी त्या पुस्तकातलीही सगळी चित्रं बघितली होती, आणि हे त्यातल्या कशाहूनही कमी नव्हतं.

पुढं दरवर्षी अश्विनीच्या वाढदिवशी मंगल दौंडला जाऊन यायची आणि नंतर कधीतरी बाईंकडे यायची. बाई पेटी उघडून चित्र काढून द्यायच्या आणि स्वतः आत चहा करायला जायच्या. मंगल चित्र मांडीवर ठेवून बसायची. रडायची वगैरे नाही. चहा प्यायची, चित्र परत द्यायची, "ठिवा बाई" म्हणायची. बाई रिटायर होऊन यवतला राहायला गेल्या, तरी ती एसटीनं तिकडे जाऊन यायची. बाईंना सगळं माहीत होतं. हे मी पुन्हा लिहिते, बाईंना सगळं माहीत होतं.

मग रांजणगावच्या त्या परदेशी कारखान्यानं कॅलेंडर काढलं. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याला तिथं बरी जागा मिळाली होती, त्यानं साहेबाला सुचवलं की आमच्या बाईंकडे आयांची चित्रं आहेत. बाईंचा सत्कार झाला, शाल मिळाली, शिरूरच्या पेपरात फोटो आला. मला बोलावणं नव्हतं, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. कॅलेंडर हातात पडलं आणि मी पानं उलटत गेले. ओळखीच्या एकेक बाया निघायला लागल्या. ज्यांच्या घरी मी 'मी मधे आहे' म्हणून शब्द दिला होता त्या सगळ्या, पदर बाजूला, पोर छातीशी, खाली तारखा आणि सुट्ट्या. आणि मधल्याच एका पानावर मंगल. कोपऱ्यातलं नाव स्वच्छ छापलेलं.

दौंडहून रांजणगावला कामाला येणारी पोरं थोडी नाहीत. त्यातल्याच एकानं सुनंदाच्या शेजारच्या घरात ते कॅलेंडर नेऊन टांगलं. अश्विनी आता वाचायला येणाऱ्या वयाची. ती घरी येऊन म्हणाली, "आई, शेजारच्या कॅलेंडरात काकू हाय आन् माझं नाव हाय." सुनंदा तशीच गाडी करून कारेगावला आली. मी तेव्हा मंगलच्या घरी होते. तिनं कॅलेंडर जमिनीवर टाकलं आणि म्हणाली, "मंगल, तुला परत पायजे व्हती तर तोंडानं मागायची. ही काय रीत झाली?" मंगल शपथा घेत राहिली की मला यातलं काही ठाऊक नाही. सुनंदाचा विश्वास बसेना. चित्र काढून घेतलंस ते तूच ना, मग छापायलाही तूच दिलंस. जाताना सांगून गेली की यापुढं आमच्या दारात येऊ नकोस. दिवाळी तोंडावर होती.

मी दुसऱ्या दिवशी यवतला गेले. बाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कॅलेंडर पुढं केलं. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "गठ्ठ्यात चुकून गेलं, पवारबाई. ती कारखान्याची पोरं आली, म्या पेटी उघडून दिली. कुठलं कुठलं नेलं, ध्यान राहिलं न्हाई."

मला ते जवळजवळ पटलं होतं. वय झालेलं, डोळे अधू. पण कॅलेंडर माझ्या हातात होतं आणि मी बोलता बोलता त्या पानाकडे बघितलं. पोरीच्या गालावर तीट नव्हती. बाकीच्या पानांवर होती, याच्यावर नव्हती. मी म्हणाले, "बाई, मूळ चित्र दाखवा." त्या उठल्या नाहीत. मीच आत जाऊन पेटी उघडली. कारखान्यानं चित्रं परत केली होती, सगळ्यात वर तेच होतं. गालावरची काजळाची जागा पात्यानं खरवडून काढलेली, कागदाचं सालपट निघालेलं, त्यावर पेन्सिलीनं पुन्हा सावली भरलेली. फार नाजूक काम होतं. कितीतरी वेळ बसून केलेलं असणार.

मी चित्र त्यांच्यापुढं धरलं. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या. "डाग दिसत व्हता," त्या म्हणाल्या. "तेवढ्या एका चित्राला त्यो डाग बरा दिसत नव्हता."

"तीट खरवडलीत, आणि नाव मात्र तसंच ठेवलंत?"

"नाव चित्रातलंच हाय."

"बाई, त्या पोरीला कळलं तर काय होईल, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्या म्हणाल्या, "व्हतं. पर जल्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, पवारबाई. तेवढं एकच चित्र माझ्या हातनं खरं झालं. त्ये कुणीच बघायचं न्हाई का?"

मला एवढा संताप आला की मी पाणीही न पिता निघाले. फाटकापर्यंत आले आणि मनात एक विचार आला, तो अजून जात नाही. त्या डॅनिश पुस्तकातल्या बायकांना तरी कुणी विचारलं होतं? घरात, नवऱ्यासमोर, पोराला पाजत विश्वासानं बसल्या असतील. पुढं त्यांचे ड्रॉवर कुणी उघडले आणि त्या जगभर गेल्या. ते पुस्तक बघताना मी किती वाहवा केली होती. पण त्या बायका मला माहीत नव्हत्या आणि मंगल माहीत होती. बाईंनाही माहीत होती, हाच तर सगळा फरक आहे. मी फाटकातून परत फिरले.

बाईंना म्हणाले, आता एकच करा. आमच्याबरोबर दौंडला या आणि सुनंदाला सांगा की मंगलचा यात हात नाही, मी दिलं. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. बाई म्हणाल्या, "येते. तेवढं तरी करते." दिवस ठरला. आम्ही शिरूरहून न्हावरामार्गे येणार आणि दौंडच्या वाटेवर तुम्हाला चौफुल्याच्या थांब्यावर घेणार, असं सांगून मी निघाले.

त्या दिवशी चौफुल्याला बाई नव्हत्या. आम्ही गाडी बाजूला लावून वाट बघितली. फोन वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. मंगल मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत अश्विनीसाठी ड्रेस होता. मी परत परत फोन लावत होते, आणि मला बाईंचा इतका राग येत होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी मंगलच म्हणाली, "चला मॅडम. न्हाई येत त्या."

दौंड जवळ आल्यावर ती बोलली. "म्या इचार केलाय. मी दिलं न्हाई म्हणते, तवर जावंला मी खोटी वाटते. मीच दिलं म्हणलं, तर निदान माफ तरी करंल." मी म्हणाले, असलं काही करू नकोस, जे केलंच नाहीस ते अंगावर का घेतेस? ती म्हणाली, "मॅडम, मला खरंखोटं नगं. मला दिवाळीला जायाचंय."

सुनंदानं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मंगल उंबऱ्याबाहेरच खाली बसली आणि तिचे पाय धरले. "मीच दिलं, अक्का. राहवलं न्हाई. चुकलं माझं." सुनंदा तशीच उभी राहिली. मग तीही खाली बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "एवढंच ऐकायचं व्हतं मला. तू खोटं बोलत व्हतीस त्याचं जास्त लागलं." तिनं पोरीला सांगितलं होतं की तू तान्ही असताना मी आजारी होते, काकूनं तुला अंगावर पाजलं, आणि चित्रवाल्या बाईनं लेक म्हणून चुकीचं लिहिलं. पोरीला ते निम्मं पटलं होतं. "आता त्यावर एक शब्द बोलायचा न्हाई," सुनंदा म्हणाली. मंगल म्हणाली, "न्हाई बोलत." मग आम्हाला आत घेतलं, चहा झाला. अश्विनी क्लासहून आली, "काकू, कवा आलीस?" म्हणाली आणि पिशवीत काय आहे ते बघायला तिच्या शेजारी जाऊन बसली. मला तिथं बसवेना. मी गाडीत येऊन बसले.

परतताना चौफुल्याला गाडी हळू झाली आणि मला रस्त्याच्या कडेला बाई दिसल्या. दौंडकडच्या एसटीच्या थांब्यावर, धुतलेली इस्त्रीची साडी नेसून, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. मी उतरले. त्या मला बघून पुढं आल्या. "सकाळी पायच उचलंना, पवारबाई. आता निघाले. हे बगा, चित्रबी घेतलंय. तिच्यासमोर फाडते आन् सांगते, मंगलनं काय केलं न्हाई, समदं म्या केलं."

मी त्यांना काय घडलं ते सांगितलं. "आता तुम्ही जाऊ नका," मी म्हणाले. "आता तुम्ही खरं सांगितलंत तर मंगल खोटी ठरेल. सुनंदा तिला पुन्हा घरात घेणार नाही."

बाईंना ते समजायला वेळ लागला. त्यांनी गाडीकडे बघितलं. मंगलनं काच खाली केली होती, पण ती उतरली नाही. बाई खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी ते गुंडाळलेलं चित्र पुढं केलं. "हे तरी घे."

"कुठं ठिवू, बाई?" मंगल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "घरात ठिवलं आन् कुणी बघितलं तर?"

"मंग मी काय करू?"

"घरी जा," मंगल म्हणाली आणि काच वर केली.

तेवढ्यात दौंडची एसटी आली. कंडक्टर दार उघडून दौंड, दौंड ओरडला. बाई दारापाशी गेल्या, थांबल्या, मागं सरल्या, आणि एसटी निघून गेली. आमची गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. मंगलनं मागं वळून बघितलं नाही, मी बघितलं. यवतच्या गाड्या रस्त्याच्या पलीकडे लागतात, पण बाई अजून दौंडच्याच बाजूला उभ्या होत्या.